महानगराजवळचं मध्यम शहर की लांबचं? एका गुरुवारचा हिशेब

महानगर सोडायचं हे ज्यांचं ठरलेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गर्दी, धूर, घरांचे भाव यांवर इथे काही म्हणणार नाही. ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे आणि त्यापायीच तुम्ही इथवर आला आहात. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मध्यम शहरात जायचं, पण कुठल्या? नकाशावर सारख्याच जाडीच्या ठिपक्यांनी दाखवलेली दोन शहरं राहायला गेल्यावर इतकी वेगळी निघू शकतात, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी सहा वर्षं आणि एक दाढ, दोन्ही कदाचित वाचली असती.

दाढेकडे येतोच. आधी शहरं.

पहिलं शहर महानगरापासून तासाभराच्या आत. गाड्या भरपूर, घर महानगरापेक्षा मोठं, खिडकीतून झाडं दिसायची. तिथे आम्ही सहा वर्षं होतो. दुसरं महानगरापासून साडेतीन तासांवर. आजूबाजूच्या पन्नास-साठ किलोमीटरमधल्या गावांना हेच 'शहर'; त्यांच्या खरेद्या, खटले, बाळंतपणं सगळी इथे होतात. इथे येऊन नऊ वर्षं झाली. लोकसंख्या दोन्हींची तीन लाखांच्या आगेमागे. पहिल्याला 'जवळचं' म्हणेन, दुसऱ्याला 'लांबचं'. नावं मुद्दामच देत नाही. नाव दिलं की बोलणं त्या गावच्या खड्ड्यांवर घसरतं.

ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या वर्गवारीत दोन ते पाच लाख वस्तीच्या नागरी भागाला मध्यम आकाराचा म्हणतात. कामापुरती व्याख्या म्हणून ती ठीक आहे. पण माझ्या अनुभवात लोकसंख्येचा आकडा फार थोडं सांगतो. त्या लोकसंख्येतले किती जण मंगळवारी दुपारी तीन वाजता त्याच शहरात असतात, हा आकडा जास्त बोलका ठरला असता. तो मात्र कुठे छापलेला मिळत नाही.

माझा कल कुठे आहे हे एव्हाना लक्षात आलं असेल. तरी जवळच्या शहराची बाजू आधी आणि नीट मांडतो, कारण ती भक्कम आहे.

नोकरीचा प्रश्न

इथे जवळचं शहर सरळ जिंकतं. तिथे राहत असताना माझा अख्खा विभाग एका दुपारी बंद झाला. पाचव्या आठवड्यात मी दुसरीकडे रुजू झालो होतो. घर तेच, मुलीची शाळा तीच, फक्त उतरायचं स्टेशन बदललं. लांबच्या शहरात आल्यावर बायकोला तिच्या शिक्षणाला साजेसं काम मिळायला चौदा महिने लागले. ते चौदा महिने आमच्या घरातले सर्वांत सुखाचे महिने नव्हते, एवढंच सांगतो.

हा काही आमच्यापुरता योगायोग नाही. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं होतं की, अमेरिकेत नवराबायको दोघेही उच्चशिक्षित असलेली जोडपी मोठ्या महानगरांत एकवटत गेली आहेत. दोघांनाही आपापल्या क्षेत्रातलं काम एकाच गावात मिळायचं तर गाव मोठंच लागतं, असा त्यांचा तर्क. पुढे काही अभ्यासकांनी यावर शंका घेतली. जोडपी तिथे जात नाहीत, तिथल्या एकेकट्या माणसांची तिथेच जोडपी जमतात, असं त्यांचं म्हणणं. खरं काय असेल ते असो. दोघांचीही कामं अगदी अरुंद क्षेत्रातली असतील, म्हणजे देशात मोजून आठ-दहा ठिकाणी चालणारी, तर हा लेख इथेच ठेवून जवळचं शहर निवडलंत तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

लांबच्या शहराला दुसरीही एक भीती असते: सगळं गाव एकाच खांबावर उभं असणं. याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं रॉचेस्टर. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅमेऱ्याच्या फिल्म बनवणाऱ्या एकट्या कोडॅक कंपनीत तिथले साठ हजारांवर लोक कामाला होते. फिल्मचा जमाना गेला आणि जानेवारी २०१२मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या शहराला सावरून धरणाऱ्यांत मोठा वाटा विद्यापीठाचा आणि त्याच्या रुग्णालयाचा. आज तिथे सर्वांत जास्त लोकांना नोकरी देतं ते तेच विद्यापीठ. यातून मी माझ्यापुरता एक ठोकताळा घेतला. लांबचं शहर बघताना सर्वांत मोठी कंपनी कोणती ते विचारू नये, दुसरी आणि तिसरी मोठी जागा कोणती ते विचारावं. तिथे विद्यापीठ, मोठं रुग्णालय, न्यायालय अशी हलवता न येणारी नावं निघाली तर बरं.

मोठ्या शहरांत पगार आणि संधी जास्त असण्यामागे नुसती गर्दी नाही, हेही मान्य करायला हवं. लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली बऱ्याच शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा उत्पन्न आणि नवे शोध लोकसंख्येहून जास्त वेगाने वाढताना दिसले. त्यांचा घातांक साधारण १.१५, म्हणजे वस्ती दुप्पट झाली की या गोष्टी दुपटीहून थोड्या जास्त होतात. (गुन्हे आणि काही रोगही तसेच वाढतात. मोठेपण सुटं मिळत नाही.) जवळच्या शहराची सगळी ऐट या आकड्यावर उभी आहे: राहायचं मध्यम शहरात आणि चाखायचं मोठ्या शहराचं. विल्यम अलोन्सो या अर्थशास्त्रज्ञाने १९७३मध्येच याला 'उसना आकार' म्हटलं होतं. छोट्या शहराने शेजारच्या मोठ्या शहराकडून मोठेपण उसनं घ्यायचं आणि त्याचा त्रास मात्र त्याच्याकडेच राहू द्यायचा.

कागदावर यापेक्षा चांगला सौदा नाही. मीही तो वाचूनच केला होता.

वेळ, थोडक्यात

यावर जेवढं बोललं जातं तेवढं मला महत्त्वाचं वाटत नाही. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४मध्ये मांडलं होतं की, माणूस कुठल्याही काळात दिवसाला साधारण एक तास प्रवासात घालवतो. वाहन वेगवान झालं की तो लांब राहायला जातो, वेळ तेवढाच. माझे जवळच्या शहरात दोन तास वीस मिनिटं जायची. लांबच्या शहरात सायकलने जाऊन-येऊन छत्तीस मिनिटं. म्हणजे रोज पावणेदोन तास हाती आले. त्या वेळात मी काही भाषा शिकलो नाही की पुस्तक लिहिलं नाही. बहुतेक वेळ झोपेत आणि मुलीशी वाद घालण्यात गेला. पण मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाची तासातासाची नोंद घेतली, तेव्हा दिवसातली सर्वांत नकोशी वेळ निघाली ती सकाळी कामावर जाण्याची. ते वाचून मला नवल वाटलं नाही. मुलीशी वाद घालणं त्याहून नक्कीच बरं.

तरीही सांगतो, प्रवासामुळे आम्ही जवळचं शहर सोडलं नाही. प्रवासाची सवय होते. गाडीत मित्र होतात, डुलकी लागते, वाचन होतं. सोडलं ते दुसऱ्याच कारणाने. ते इतकं किरकोळ आहे की सांगताना अजूनही थोडं ओशाळायला होतं.

गुरुवार

एका शुक्रवारी सकाळी खालची डावी दाढ ठणकायला लागली. घराजवळच्या दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रूट कॅनाल वाटतंय. सर गुरुवारी येतात."

सर म्हणजे रूट कॅनालचे तज्ज्ञ. राहायला महानगरात. आमच्या शहरात आठवड्यातून एकदा, गुरुवारी अकरा ते पाच. तिथल्या नेहमीच्या डेंटिस्टने तात्पुरतं औषध भरून दिलं, वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि सहा दिवस कसे काढायचे ते सांगितलं. गुरुवारी सर आले. माणूस हुशार, हात अतिशय हलका; त्यांच्याविषयी माझी तसूभरही तक्रार नाही. त्यांनी दाढ उघडली, साफ केली, तात्पुरतं सिमेंट भरलं आणि पुढची सिटिंग पुढच्या गुरुवारी ठेवली. पुढच्या गुरुवारी सुट्टी आली. त्यानंतरच्या गुरुवारी मला कचेरीतून निघता आलं नाही. मग एका शनिवारी जेवताना सिमेंट निघून आलं. फोन केला. "सर गुरुवारी येतात." तीन सिटिंगचं काम सातव्या आठवड्यातही अपुरंच होतं, आणि त्या आठवड्यात दाढ उभी तडकली. काढावी लागली.

हे ऐकणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: अरे, तू रोज महानगरातच जात होतास ना, मग तिथेच का नाही दाखवलंस?

प्रश्न बरोबर आहे. सगळं कोडं त्यातच आहे. आमच्या इमारतीतले जवळजवळ सगळे तसंच करत. दात तिथे दाखवायचे, चष्मा तिथे करायचा, बूट तिथे घ्यायचे, पोरांच्या वाढदिवसाची भेटवस्तूही स्टेशनबाहेरच्या दुकानातून. दिवसभर तिथेच असतो तर येता येता उरकून घेऊ. मीही इतर सगळं तसंच करत होतो. आणि आम्ही सगळे तसं करत होतो म्हणूनच सरांना आमच्या शहरात आठवड्यातून एकाच दिवसापुरते रोगी मिळत होते.

वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावांवरून जो सिद्धांत मांडला, त्यातली एक कल्पना इथे चपखल बसते. प्रत्येक सेवेला टिकून राहायला गिऱ्हाइकांची एक किमान संख्या लागते. पिठा-मिठाच्या दुकानाला थोडी, हृदयरोगतज्ज्ञाला पुष्कळ. तीन लाख वस्तीच्या शहरात रूट कॅनालचे दोन-तीन तज्ज्ञ आरामात पोटापुरतं कमावतील, असं कोणीही म्हणेल. पण जवळच्या शहरात ते तीन लाख फक्त झोपायला असतात. ज्यांच्या खिशात पैसे आहेत आणि ज्यांना दात जपायची सवय आहे, नेमके तेच सकाळी सातच्या गाडीने निघून जातात. मागे उरलेली गिऱ्हाइकं एखाद्या लहान गावाइतकीच. उसन्या आकाराच्या सौद्यात बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं: मोठ्या शहराचं मोठेपण उसनं घेताना तुमचं स्वतःचं तारण म्हणून तिकडे राहतं. अर्थशास्त्रात यालाही नाव आहे, मोठ्या शहराची 'सावली'. आपल्याकडे त्याला दिव्याखाली अंधार म्हणतात.

एकदा गुरुवार कळल्यावर मला तो सगळीकडे दिसायला लागला. कानाचे डॉक्टर मंगळवार आणि शुक्रवार. लिफ्ट बिघडली तर माणूस महानगरातून यायचा, दुपारी दोनला पोचायचा आणि साडेपाचच्या गाडीची घाई करायचा. मुलीची व्हायोलिनची बाई शनिवारी यायच्या आणि पाऊस जास्त झाला की यायच्या नाहीत. बँकेत एका कागदावर ज्यांची सही लागायची ते साहेब 'आज इकडे नाहीत' असायचे. शाळेतले अर्धे शिक्षकसुद्धा महानगराच्या बाजूने उलट्या गाडीने यायचे. शाळा सुटल्यावर पाच मिनिटं थांबून कोणाशी बोलावं तर त्यांची नजर घड्याळाकडे. यातलं एकही दुःख मोठं नाही. कोणाला सांगितलं तर 'एवढंच ना?' म्हणतील. पण सहा वर्षांत माझ्या लक्षात आलं की, या शहरात जे जे थोडं बरं आहे ते सगळं पाहुणं आहे आणि त्याला परतीची गाडी पकडायची आहे.

एकाच देशातली दोन शहरं

हे माझ्या दाढेचं रडगाणं एवढंच आहे का, हे तपासायला मी एक जोडी बघतो. नेदरलँड्समधली आल्मेरे आणि ग्रोनिंगेन. दोन्ही सव्वादोन लाखांच्या पुढची. कायदे तेच, विमा तोच, सायकलचे रस्ते दोन्हीकडे उत्तम.

आल्मेरे समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उभं राहिलं. १९७६मध्ये तिथे पहिले रहिवासी आले. ॲम्स्टरडॅमवरचा घरांचा ताण हलका करणं हा उद्देश, आणि आजही तिथून असंख्य लोक रोज गाडीने अर्ध्या तासात ॲम्स्टरडॅमला कामाला जातात. शहर आखीव आहे, हिरवं आहे, घरं ऐसपैस. शहराला मध्यभाग हवा म्हणून पुढे रेम कूल्हास या वास्तुविशारदाच्या संस्थेकडून नवं केंद्र आखून घेतलं. हवा होता म्हणून आखून घ्यावा लागला, हे मला त्यातलं बोलकं वाटतं. ग्रोनिंगेन ॲम्स्टरडॅमपासून गाडीने दोन तासांच्या पुढे, देशाच्या उत्तर कोपऱ्यात. तिथे विद्यापीठ १६१४पासून आहे, विद्यापीठाचं भलंमोठं रुग्णालय जुन्या गावाला अगदी खेटून आहे आणि शहरात दर चौथा माणूस विद्यार्थी असेल. लांब असल्यामुळे सगळं आपलं आपणच उभं करावं लागलं. उत्तरेकडच्या साऱ्या प्रदेशाची कामं तिथे येतात, म्हणून तज्ज्ञही तिथेच राहतात.

मी दोन्हीकडे राहिलेलो नाही. त्यामुळे यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. आल्मेरेत सुखाने राहणारे पुष्कळ असतील. ज्यांना घराला अंगण आणि मुलांना मोकळी जागा हवी त्यांना ते ग्रोनिंगेनपेक्षा सरसही वाटेल.

आणि अंतर हाच काही एकमेव निकष नाही, हे दाखवायला बेल्जियममधलं गेंट पुरेसं आहे. ब्रसेल्सपासून गाडीने जेमतेम अर्धा तास, तरीही ते कोणाच्या सावलीत वाटत नाही. मध्ययुगात ते आल्प्सच्या उत्तरेकडच्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं, विद्यापीठ १८१७पासूनचं, स्वतःचं बंदर. म्हणजे किलोमीटर मोजून उपयोग नाही. शहराने आपली माणसं दिवसा आपल्यापाशी ठेवलीत का, एवढं बघावं. लांब असलं की ठेवावीच लागतात. जवळ असूनही ठेवणारी शहरं थोडी.

संध्याकाळ आणि पालिका

माणसं दिवसा गावात असण्याचा दुसरा परिणाम मला उशिरा कळला. जवळच्या शहरात आमच्या भागातल्या रस्त्याबद्दल एकदा बैठक बोलावली होती, संध्याकाळी सहा वाजता. आम्ही चौघे जण होतो, त्यातले तिघे निवृत्त. बाकी सगळे गाडीत. त्या शहराबद्दल कोणाला राग नव्हता आणि प्रेमही नव्हतं. उशीवर डोकं टेकण्यापुरता संबंध. लांबच्या शहरात अशाच बैठकीला बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत आणि अडीच तास भांडण झालं. भांडण एका चौकावरून होतं. मी चौकाच्या विरुद्ध बाजूने होतो आणि हरलो. पण रस्ते विभागाचे इंजिनियर त्याच चौकातून मुलाला शाळेत सोडतात, हे मला त्या दिवशी कळलं आणि हरल्याचं फारसं वाटलं नाही.

मध्यम शहराची खरी ताकद इथे दिसते, असं मला वाटतं. ते बदलता येण्याइतकं लहान असतं. ग्रोनिंगेनने १९७७मध्ये जुन्या गावाचे चार भाग पाडले आणि मोटारींना एका भागातून दुसऱ्यात सरळ जायला बंदी केली. जायचं तर बाहेरच्या रस्त्यावर येऊन वळसा घालायचा. सायकलवाले आणि पायी चालणारे मात्र सरळ. दुकानदारांनी कडाडून विरोध केला, पण योजना टिकली. चाळीस वर्षांनी, एप्रिल २०१७मध्ये, गेंटने त्याच धर्तीवर मध्यभाग आणि त्याभोवती सहा भाग केले. दोन्ही शहरांत निर्णय घेणारे आणि त्याचा त्रास सोसणारे एकाच रस्त्यावर राहत होते. जे शहर रोज सकाळी रिकामं होतं, त्याला असं भांडायला माणसं आणायची कुठून?

लांबच्या शहराचे काटे

आता पारडं फार झुकायच्या आत दुसरी बाजूही सांगतो. लांबच्या शहरात सगळं रोज मिळतं, पण बऱ्याच गोष्टी एकेकच मिळतात. हाडांचे एक चांगले डॉक्टर. त्यांच्याशी पटलं नाही तर दुसरं मत घ्यायला प्रवास. एक नाटकमंडळी, त्यांनी तुम्हाला घेतलं नाही तर तुमचं नाटक संपलं. मुलीच्या वर्गात तिचं एका मैत्रिणीशी बिनसलं, तर तीच मैत्रीण पोहण्याच्या तलावावर, तीच वाचनालयात, तिचेच आईवडील आमच्या मागच्या गल्लीत. महानगरात माणसं टाळता येतात. इथे टाळता येत नाहीत, म्हणून मिटवावं लागतं. काहींना हा गुण वाटेल. मला सोमवारी वाटतो, शुक्रवारी वाटत नाही.

शिवाय सगळ्यांना सगळं कळतं. एकदा कचेरीत माझा आवाज चढला होता. घरी पोचेपर्यंत बायकोला ते ठाऊक होतं.

तिशीच्या आतली एकटी माणसं, नुकती नोकरीला लागलेली, अजून काय करायचं ते न ठरलेली, यांना मी लांबचं शहर सुचवणार नाही. त्यांना चुका करायला मोठी जागा हवी आणि ओळखीचं कोणी बघणारं नको. ज्यांचं आठवड्यातून एकदा-दोनदा महानगरात जाणं अटळ आहे, त्यांनीही साडेतीन तासांचा मोह धरू नये. दोन महिन्यांत कंबर बोलायला लागते. पण घरात म्हातारी माणसं असतील, मुलं लहान असतील, एकाचं तरी काम कुठूनही होण्यासारखं असेल, तर माझ्या मते जवळच्या शहराचा सौदा दिसतो तितका स्वस्त नाही. म्हाताऱ्या माणसाचं दुखणं गुरुवारची वाट बघत नाही.

बघायला जाल तेव्हा

शहर बघायला रविवारी जाऊ नका. रविवारी दोन्ही शहरं सारखीच दिसतात. जवळचं थोडं जास्तच छान, कारण त्या दिवशी सगळे घरी असतात. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी तीनला जा आणि मुख्य रस्त्यावर नुसते चाला. कोण दिसतं ते बघा. फक्त म्हातारी माणसं आणि सामान पोचवणारी मुलं दिसली, तर समजा. मग संध्याकाळी सहा-साडेसहाला स्टेशनवर थांबा. गाडीतून उतरून शहरात शिरणारे जास्त की शहरातून गाडीत चढणारे? दोन्हीकडे सारखी वर्दळ असेल तर चांगलं लक्षण.

आणि तीन-चार फोन करा. कानाचा डॉक्टर, दाताचा तज्ज्ञ, घरातल्या एखाद्या यंत्राचं दुरुस्तीकेंद्र, एखादा संगीतशिक्षक. फी विचारू नका. "ते कधी असतात?" एवढंच विचारा. उत्तरात वार आला की लिहून ठेवा. तीन फोनांत तीन वार आले, तर घर कितीही हवेशीर असलं तरी मी थोडा थांबेन. याच्या जोडीला जमलं तर आणखी एक गोष्ट विचारावी, ती जरा आगाऊपणाची आहे: डॉक्टर राहतात कुठे?

लांबच्या शहरातल्या आमच्या रूट कॅनालवाल्या डॉक्टर आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहतात. रोज असतात; एकदा रात्री नऊला त्यांनी शेजाऱ्याचा दात बघितला होता. फक्त त्यांचा हात जड आहे. म्हणजे फारच जड. गेल्या वर्षी माझी वरची दाढ ठणकायला लागली तेव्हा मी एकदा त्यांच्या खुर्चीत बसलो, घाम पुसत बाहेर आलो आणि पुढच्या सिटिंगआधी जुना नंबर शोधून काढला. सर अजून आहेत. त्यांचा मुख्य दवाखाना महानगरात. तिथे आता गुरुवार सोडून रोज असतात.

साडेतीन तास गाडीत बसून गेलो. महानगर यायच्या आधी गाडी आमच्या जुन्या शहरात दोन मिनिटं थांबली. सोमवार होता. मी उतरलो नाही.